जक्कयाचा हिशोब

पश्चात्ताप हा विषय ख्रिस्ती माणसाला नवा नाही, आणि अडचण तिथेच सुरू होते. रविवारच्या उपासनेत आपण सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतो. ती लहानपणापासून तोंडपाठ असते, पुस्तक उघडावे लागत नाही. मिनिटाभरात ती संपते, पाळकसाहेब क्षमेचे वचन उच्चारतात आणि पुढचे गीत सुरू होते. कॅथलिक देवळात मिस्साच्या आरंभी असेच घडते. मधूनमधून उज्जीवन सभा भरतात, बाहेरगावचे वक्ते येतात, शेवटच्या रात्री पुष्कळ जण पुढे जाऊन गुडघे टेकतात आणि रडतात. त्या रडण्यात खोटेपणा असतो असे मला वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या घरात, दुकानात, शेताच्या बांधावर काय बदलले, हे विचारायची आपल्या मंडळ्यांत पद्धत नाही. या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत तोच प्रश्न विचारला आहे.

तो विचारायला शुभवर्तमानानेच शिकवले आहे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनकाठच्या प्रदेशात पश्चात्तापाची घोषणा करतो, आणि ऐकणारे त्याला सरळ विचारतात की आम्ही करायचे काय? योहान त्यांना उपवास सांगत नाही, यज्ञ सांगत नाही, यरुशलेमची वारीही सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याला एक देऊन टाकायला सांगतो. जकातदारांना सांगतो की ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो की कुणाला दमदाटी करून पैसे काढू नका, पगारात भागवा. जकातदाराने नोकरी सोडावी असे तो म्हणत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या नाक्यावर पाप घडत होते त्याच नाक्यावर बसून आता प्रामाणिकपणे वसुली करायची, हा त्याचा पश्चात्ताप. सभेत रडून घरी जाण्यापेक्षा हे फार अवघड आहे, कारण त्या नाक्यावरचे बाकीचे सगळे जुन्याच पद्धतीने चाललेले असतात.

योहानाने मागितलेले प्रत्यक्ष करून दाखवणारा माणूस लूकच्याच एकोणिसाव्या अध्यायात भेटतो. जक्कयाची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत शिकलो. बुटका माणूस, उंबराचे झाड, खालून जाणारा येशू. मुलांना झाड आवडते, म्हणून शिक्षक झाडापाशीच थांबतात आणि गोष्टीचा मुख्य भाग राहून जातो. जक्कय यरीहोतला जकातदारांचा प्रमुख होता. यरीहो सुपीक, पैसेवाले गाव. पूर्वेकडून यरुशलेमला जाणारा व्यापारी माल तिथून जात असे. रोमी अमलात अशी वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि ती लोकांकडून वर काढायची. वरकड राहील ते त्याचे. लोकांकडून किती उकळायचे यावर खरा अंकुश नव्हता. जक्कय श्रीमंत होता असे लूक सांगतो, तेव्हा त्या श्रीमंतीतली नाणी कुणाच्या घरून आली होती हे यरीहोत सर्वांना ठाऊक होते.

येशू झाडाखाली थांबतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो. अट कुठलीही नाही. आधी परतफेड कर, मग येतो, असे तो म्हणत नाही. जमाव कुरकुर करतो आणि त्या कुरकुरीत तथ्य आहे, कारण लुबाडले गेलेले लोक त्याच जमावात उभे आहेत. मग जक्कय उभा राहून बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत.

हा आकडा उगाच आलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्रात परतफेडीचे दर ठरलेले आहेत. ज्याने स्वतःहून अपराध कबूल केला त्याने मुद्दल द्यावे आणि वर पाचवा हिस्सा घालावा, असे गणनाच्या पाचव्या अध्यायात आहे. मेंढरू चोरून ते कापले किंवा विकले तर एकाला चार द्यावीत, असे निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. जक्कयाने स्वतःहून कबुली दिली, म्हणून नियमाप्रमाणे १०० नाण्यांना १२० दिली असती तरी तो मोकळा झाला असता. त्याने ४०० देऊ केली. कबुली देणाऱ्यासाठी असलेली सवलत त्याने घेतली नाही. चोरीचा दर स्वतःला लावून घेतला. त्याला हे करायला कुणी सांगितले नव्हते.

लूकने लिहिलेले नाही, पण मनात येते ते पुढचे दिवस. जक्कय जुन्या वह्या काढून बसला असेल. कुणाच्या गोणीमागे किती जास्त घेतले, कुणाचे गाढव अडकवून ठेवले, कोण मेला आणि त्याची विधवा आता कुठे राहते, हे सगळे शोधावे लागले असेल. दार वाजले की ज्यांच्या पोटात गोळा येत असे त्यांच्याच दारात हा माणूस पैसे घेऊन उभा राहिला असेल. पश्चात्तापाबद्दल बोलताना आपण देव आणि पापी अशी दोनच माणसे धरतो. यरीहोत तिसरा माणूस होता, ज्याचे पैसे गेले होते तो. या पुस्तकाला जे सांगायचे आहे ते त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे: क्षमा देवाकडून फुकट मिळते, आणि फुकट मिळाली म्हणूनच आपण ज्याचे देणे लागतो त्याच्या दारात जायचे बळ येते.

फुकट या शब्दावर भांडण झालेले आहे आणि ते होणे योग्यच होते. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये ९५ सिद्धांत मांडले, तेव्हा योहान टेट्झेल पापदंडाच्या माफीची पत्रे विकत फिरत होता. ल्यूथरचा पहिलाच सिद्धांत पश्चात्तापावर आहे. विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे अशी ख्रिस्ताची इच्छा आहे, असे त्याने त्यात म्हटले. ही गोष्ट पुष्कळ प्रॉटेस्टंट घरांत माहीत नसते. ल्यूथरने पश्चात्तापाचे ओझे कमी केले असे आपण समजतो. खरे म्हणजे विकत मिळणारी सूट त्याने बंद केली. कॅथलिक परंपरेने आपल्या परीने तिसऱ्या माणसाची आठवण ठेवली आहे. तिथे प्रायश्चित्त संस्कारात मनापासूनचे दुःख आणि धर्मगुरूपुढची कबुली यांच्या जोडीला झालेल्या नुकसानीची शक्य तितकी भरपाईही अपेक्षित असते. चोरलेले परत करायचे, बदनामी केली असेल तर ज्याची केली त्याचे नाव पुन्हा उजळायचे. आपल्या मंडळ्यांनी कबुलीची खोली सोडली तेव्हा तिच्यासोबत ही भरपाईही निसटली. ती परत आणायला हवी असे माझे मत आहे.

यहूदा इस्कर्योतविषयी इथे थोडे बोलणे भाग आहे. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो पस्तावतो, चांदीची ३० नाणी घेऊन मुख्य याजकांकडे जातो आणि निर्दोष माणसाला धरून दिले म्हणून कबुली देतो. दुःख खरे, कबुली स्पष्ट, पैसेही परत. नुसत्या बाह्य खुणा मोजल्या तर पेत्रापेक्षा त्याचा पश्चात्ताप पुढे जाईल, कारण पेत्र तर बाहेर जाऊन फक्त रडला. मग फरक कुठे पडला? याजकांनी यहूदाला त्याचे त्याने पाहून घ्यावे असे सांगून हाकलले. ज्यांचे काम पापी माणसाला देवापाशी नेण्याचे होते त्यांनी दार लावून घेतले, आणि तो एकटा पडला. पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांत परतला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात समुद्रकाठी कोळशाचा विस्तव आहे, भाजलेली मासळी आहे, आणि तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारलेला प्रेमाविषयीचा प्रश्न आहे. प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याला मेंढरांची काळजी सोपवतो. या दोन कथा शेजारी ठेवल्या की मंडळीवर किती मोठी जबाबदारी आहे ते कळते. कबुली घेऊन आलेल्या माणसाला आपण याजकांसारखे वागवणार की समुद्रकाठच्या त्या प्रभूसारखे, हा प्रश्न एखादा दारुडा, एखादी घटस्फोटित स्त्री, तुरुंगातून सुटून आलेला एखादा मुलगा देवळाच्या मागच्या बाकावर येऊन बसतो तेव्हा दर वेळी उभा राहतो.

पश्चात्तापाला किती वेळ लागू शकतो, हे ज्याच्या आयुष्यावरून सर्वांत स्पष्ट कळते तो माणूस इंग्रज आहे आणि त्याचे एक गीत आपल्याकडेही गायले जाते. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा जॉन न्यूटन १७२५ साली लंडनला जन्मला आणि तरुणपणीच गुलामांच्या व्यापारात शिरला. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकवर भयंकर वादळात त्याचे जहाज फुटत आले, तेव्हा त्याने देवाचा धावा केला. ती तारीख तो पुढे आयुष्यभर पाळत राहिला. व्यासपीठावरून ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा बहुधा ती इथून थेट गीतावर जाते, जणू वादळ शमले आणि न्यूटनने गुलामांचा धंदा सोडला.

तसे घडलेले नाही. त्या वादळानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजावर आधी अधिकारी आणि मग कप्तान झाला. १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेतली आणि अटलांटिकपार नेऊन विकली. रविवारी तो खलाशांना जमवून उपासना घेई. फळ्यांखाली बेड्या घातलेली माणसे दाटीवाटीने पडलेली असत. बायकोला तो प्रेमळ, देवाचे आभार मानणारी पत्रे लिही. बंडाचा कट उघड व्हावा म्हणून काही मुलांच्या अंगठ्यांना पेच लावल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. १७५४ साली त्याने समुद्र सोडला तो प्रकृतीमुळे. १७६४ साली तो ऑल्नी गावी पाळक झाला, त्याच वर्षी त्याचे आत्मवृत्त छापले गेले, आणि त्यातही या धंद्याबद्दल म्हणावा तसा पश्चात्ताप दिसत नाही. ते प्रसिद्ध गीत १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेसाठी तयार झाले. तोवर शिव्याशाप, व्यभिचार, नास्तिकपणा या स्वतःच्या पापांची त्याला पुरती जाणीव झाली होती. ज्यांना त्याने विकले होते ती माणसे त्या यादीत ठळकपणे आलेली नव्हती.

ती आली १७८८ साली. त्या वर्षी न्यूटनने आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. जहाजावर काय चालते ते त्याने साक्षीदार म्हणून आणि गुन्हेगार म्हणून लिहिले, आपली कबुली फार उशिरा येत आहे हेही मान्य केले. पुढे त्याने सरकारी चौकशीत आणि संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. या व्यापाराविरुद्ध संसदेत लढा देणारा विल्बरफोर्स तरुणपणी राजकारण सोडून धर्मकार्याकडे वळायच्या विचारात १७८५ मध्ये त्याच्याकडे आला होता, तेव्हा संसदेतच राहा असा सल्ला त्याने दिला होता. आता न्यूटन त्या लढ्यात विल्बरफोर्सच्या बाजूला उभा राहिला. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. न्यूटन त्याच वर्षी डिसेंबरात वारला.

वादळापासून पुस्तिकेपर्यंत ४० वर्षे गेली. न्यूटनला ढोंगी म्हणून मोकळे होणारे लोक मला पटत नाहीत, आणि ‘कृपेचा चमत्कार’ म्हणून मधली वर्षे गाळणारे तर मुळीच पटत नाहीत. त्याचे परिवर्तन खरे होते. पण त्या काळच्या सभ्य, देवभीरू समाजाला जे पाप वाटत नव्हते ते त्यालाही दिसले नाही. आजूबाजूच्या चांगल्या माणसांना जे खुपत नाही ते आपल्याला खुपायला फार वेळ लागतो, म्हणून पश्चात्ताप एका रात्रीत उरकत नाही. आणखी एक गोष्ट मन खिन्न करते. न्यूटनने ज्यांना विकले त्यांच्यापैकी कुणाच्याही कानावर त्याची कबुली पोचल्याचे दिसत नाही. तो परत देऊ शकत होता ते एवढेच की पुढच्या जहाजांत माणसे भरली जाऊ नयेत. त्याने तेवढे केले.

आपल्या मातीत असाच लांबचा प्रवास पंडिता रमाबाईंचा आहे, जरी त्यांच्या हातून असे कुठलेही क्रौर्य घडलेले नव्हते. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळाला नाही, असे त्यांना जाणवू लागले. हे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत स्वच्छ लिहिले आहे. तोवर त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या, शारदासदन चालवत होत्या. अशा व्यक्तीने हे मान्य करावे यात त्यांची उंची दिसते. या आंतरिक वळणानंतर त्या स्वतःपुरत्या भक्तीत रमल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी उपाशी, निराधार मुली-बायका गोळा केल्या, आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १९०५ च्या जूनमध्ये तिथे जे उज्जीवन सुरू झाले त्याची वर्णने वाचताना मोठ्याने केलेली पापकबुली, रडणे, रात्रभरच्या प्रार्थना यांवर सगळ्यांची नजर खिळते. मला त्या वर्णनांत दुसरेच महत्त्वाचे वाटते. रडणाऱ्या त्या मुलींपैकी पुष्कळ जणी स्वतःच अन्यायाच्या बळी होत्या. दुष्काळाने, बालवैधव्याने, नातेवाइकांनी टाकलेल्या. त्यांना देवापुढे उभे राहून आपला जीव आपला आहे, आपल्या कृतींना आपण जबाबदार आहोत, असे म्हणायची जागा तिथे मिळाली. ज्यांना कुणी माणूस म्हणून मोजले नव्हते त्यांच्यासाठी हेही पश्चात्तापाचे एक देणे आहे.

पण अन्याय सोसलेल्या माणसाला आधी त्याच्या पापाची आठवण करून द्यायची, हा मात्र आपल्या मंडळ्यांतला दोष आहे आणि त्यावर या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. नवरा मारतो. एका सभेत तो पुढे जाऊन रडतो. दुसऱ्या दिवशी मंडळीतली वडीलधारी मंडळी बायकोकडे जातात आणि आता तू क्षमा केलीच पाहिजेस, नाहीतर तुझी प्रार्थना ऐकली जाणार नाही, असे सांगतात. हे पाप आहे. जक्कयाने यरीहोतल्या कुणालाही मला माफ कर म्हणून दटावले नाही. त्याने देणे मांडले. पश्चात्ताप करणाऱ्याने क्षमेची मुदत ठरवायची नसते. त्या बाईला सुरक्षित राहू द्यायचे, वेळ द्यायचा, कायद्याची मदत घ्यायची असेल तर ती घेऊ द्यायची, आणि नवऱ्याने हे सगळे निमूटपणे स्वीकारायचे. त्याचे अश्रू खरे असतील तर ते पुढच्या वर्षीही खरे असतील.

सबंध मंडळीने पश्चात्ताप करायचा असतो का, असा प्रश्न काहींना पडतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी स्टुटगार्ट येथे आपल्या दोषाची जाहीर कबुली दिली. त्यात ज्यूंचा थेट उल्लेखही नव्हता, म्हणून ती अपुरी होती, तरी तिच्यामुळे बाहेरच्या मंडळ्यांशी तुटलेले बोलणे सुरू झाले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या मुलांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. आपल्याकडे हा प्रश्न जातीपाशी येतो. महाराष्ट्रातल्या, विशेषतः नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ मंडळ्या महार आणि मांग समाजातल्या माणसांनी उभ्या केल्या. माणूस म्हणून वागवले जाईल या आशेने ते आले होते. तरी लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. दक्षिणेत काही गावांत दफनभूमीतही जातीची भिंत राहिली. ख्रिस्ताच्या मेजावर एका प्याल्यातून पिणाऱ्यांनी हे चालवून घ्यावे, याची लाज वाटल्याशिवाय आपला सामुदायिक पापांगीकार पुरा होत नाही.

आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या, सरळमार्गी घरांतल्या वाचकांविषयी. त्यांच्यापाशी सांगायला दारू सुटल्याची साक्ष नसते, वादळ नसते. आम्ही कशाचा पश्चात्ताप करायचा, असे ते मनापासून विचारतात. योहानाने ज्या धर्तीवर उत्तर दिले त्याच धर्तीवर द्यायचे तर वडिलोपार्जित घराचे कागद काढून पाहावेत. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. तरीही बहिणीला माहेरच्या जेवणाला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ती नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटले तर माहेर तुटते. अशी सही घेणारे भाऊ दर रविवारी देवळात असतात. घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार किती वर्षांत वाढला नाही, सुट्ट्यांचे पैसे कापले की नाही, हेही याच हिशोबात येते.

पुस्तक उपवासकाळात वाचण्यासाठी लिहिले आहे, राखेच्या बुधवारी सुरू करून पवित्र सप्ताहात संपवता येईल अशा बेताने. कुटुंबात किंवा मंडळीच्या गटात वाचायचे असेल तर एक पथ्य पाळावे: कुणालाही सर्वांसमोर पापे सांगायला लावू नये. सर्वांदेखतची कबुली गावगप्पांचा विषय होते, आणि माणूस दुसऱ्यांदा उघडा पडतो. जे बोलायचे ते पाळकसाहेबांशी, फादरांशी किंवा विश्वासातल्या एका माणसाशी एकांतात बोलावे. प्रकरणांच्या शेवटी कोऱ्या ओळी सोडल्या आहेत त्या मनोगतासाठी नाहीत. ज्याचे देणे आहे त्याचे नाव आणि, माहीत असेल तर, रक्कम लिहिण्यासाठी आहेत. माणूस हयात नसेल तर त्याच्या मुलांची नावे लिहावीत. पत्ता ठाऊक नसेल तर तो ज्याच्याकडून मिळू शकेल त्याचे नाव लिहावे. नवरा-बायकोने ही यादी एकत्र करावी, कारण घेतलेले बहुतेक वेळा दोघांच्या घरात आलेले असते.